जर्मन

आई ॲल्युमिनियमला जर्मन म्हणायची.
जर्मनचं पातेलं, जर्मनचा डबा.
त्यामुळं बरीच वर्षं मला वाटायचं
तो देशही असाच असणार,
हलका, जागोजागी पोचे आलेला,
चिंचेनं घासला की तेवढ्यापुरता चांदीचा.

आज अक्कलकोट रोडला, पत्र्याच्या शेडमध्ये,
बेचाळीस डिग्रीत
एका येझदीचं पोट उघडं पडलंय.
एकच दांडी, आधी किक, मग तीच गिअर.
ती काढून बाजूला ठेवली
आणि डाव्या अंगाचं झाकण पायांवर घेतलं,
तान्हं मूल न्हाऊ घालताना घेतात तसं.

लोखंड गंजतं ते लालभडक, गावभर बोंब मारत.
हे नाही बोलत.
भिंतीला लोणा लागावा तसं
आतल्या आत पांढरं फुलत राहतं.

दोनशेवीसचा कागद.
मग चारशे, आठशे, बाराशे.
रॉकेल मिळत नाही आता, डिझेलचे थेंब टाकतो.
प्रत्येक कागद आधीच्या कागदाला आडवा,
ही अक्कल नरसय्या येमूलांची.
मागावर होते ते, मिल बंद पडल्यावर इकडं आले.
म्हणायचे, चारशेच्या रेघा ताणा समज, आठशेच्या बाणा,
फक्त इथं विणायचं नसतं रे,
उसवत जायचं.

चिंध्या टॉवेलच्या कारखान्यातल्या,
काठाकाठाच्या, किलोवर घेतलेल्या.
पांढऱ्या येतात, काळ्या जातात.
गिऱ्हाइकाला वाटतं मळ निघाला.
मळ पहिल्या पाच मिनिटांतच गेलेला असतो,
नंतरचं काळं ते झाकणच.

बिराजदार सरांना आरसा पाहिजे होता.
कंपनीतून आली तेव्हाही एवढी चमकत नव्हती, मी म्हणालो.
असू दे की, करा.
आणि खालच्या कडेचा तो ओरखडा, तीन बोटं लांब,
तेवढा जाईल का?
वडकबाळच्या पुलावर पडलो होतो, ऐंशी साली,
डाव्या कुशीवर. गाडीलाच लागलं, बाकी काही नाही.
बाई रिक्षातच बसून होत्या,
मांडीवर पिशवी, नजर समोरच्या
चहाच्या टपरीवर.

ओरखडा काढता येत नाही.
हे मी कुणाला सांगत नाही, धंदा आहे.
तो जिथं असतो तिथंच असतो, तळाशी.
आपण त्याच्या आजूबाजूचं सगळं
हळूहळू त्याच्या खोलीला नेऊन ठेवतो.
मैदान खड्ड्याएवढं खाली उतरतं
आणि लोक म्हणतात, खड्डा बुजला.

दीड दिवस लागला.
बोटांच्या पेरांवरचे ठसे गुळगुळीत झाले,
रेशनच्या मशीननं परवा मला ओळखलंच नाही.
मग बफ लावला, मोटर ओरडली,
हिरव्या साबणाचा वास सुटला,
आणि झाकणात एकदम छताचा पत्रा दिसला,
पत्र्याचं भोक,
भोकातलं ऊन,
आणि माझं नाक, नको तेवढं मोठं.

न्यायला दोघं आले.
सर वाकले, चष्मा कपाळावर सरकवला,
नखानं चाचपत राहिले.
कुठं होता हो तो?
मलाच कळेना आता.

बाई पुढं आल्या.
पिशवी या हातातून त्या हातात घेतली
आणि अंगठा टेकवला,
न शोधता,
जसा आपण अंधारात स्वतःच्या घरातल्या बटणावर टेकवतो.
इथं.
एवढंच. मग पदरानं चेहरा पुसला, उकडतंय म्हणाल्या.

ताज्या पॉलिशवर घामाचा ठसा राहू देऊ नये,
डाग धरतो.
चिंधी हाताशीच होती.
मी वही ओढली, पेन झटकलं, बिल लिहायला घेतलं.
झाकण, नग एक.
डावं.